बासरी सुरात आणायची म्हणजे नेमकं कुठे कानस चालवायची?

मागच्या लेखात आपण तंबोऱ्याच्या जवारीबद्दल बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न बासरीचा होता. हाताने बनवलेली बांबूची बासरी घेतली, किंवा स्वतःच बनवली, आणि ती पेटीशी जुळत नाही. मोबाईलवरचं ट्यूनर अॅप कधी हिरवं होतं, कधी लाल. मग माणूस कानस घेतो आणि भोकं मोठी करत सुटतो. आठवडाभराने त्या बासरीतून एकही स्वर धड निघत नाही.

माझं पीएचडीचं काम फुंकून वाजवायच्या वाद्यांच्या ध्वनिशास्त्रावर आहे. त्यामुळे अशा 'बिघडवलेल्या' बासऱ्या माझ्याकडे बऱ्याच येतात. तारेची खुंटी जास्त पिळली गेली तर ती उलटी फिरवता येते. बांबूतून काढलेला भुसा परत बांबूत जात नाही. म्हणून आधी चूक कुठल्या जातीची आहे ते ओळखायचं आणि मगच हत्याराला हात लावायचा. या लेखात मी तेच सांगणार आहे.

उदाहरणासाठी पांढरी तीनची बासरी घेऊ. सा सुमारे ३३० हर्ट्झ. सहाही भोकं बंद केली की मंद्र पंचम वाजतो, सुमारे २४७ हर्ट्झ. वरची तीन बंद, खालची तीन उघडी म्हणजे सा. फक्त सगळ्यात वरचं बंद म्हणजे गंधार. सगळी उघडी म्हणजे तीव्र मध्यम. आणि सगळी बंद ठेवून जरा जोरात फुंकलं की मध्य सप्तकाचा पंचम. हे बासरीवाल्यांना पाठ असतंच, पण पुढचं सगळं यावर उभं आहे म्हणून एकदा लिहून ठेवलं.

बासरीत बांबू वाजत नाही, बांबूच्या आतली हवा वाजते. नळीची दोन्ही टोकं हवेला उघडी आहेत, एक फुंकायच्या भोकापाशी आणि दुसरं तळाला किंवा पहिल्या उघड्या भोकापाशी. अशा नळीत सगळ्यात खालचा स्वर निघतो तेव्हा नळीची लांबी ही ध्वनिलहरीच्या निम्मी असते. हवेत ध्वनीचा वेग २६ अंशाला सेकंदाला ३४७ मीटरच्या आसपास. २४७ हर्ट्झसाठी गणित केलंत तर लांबी येते सुमारे ७० सेंटिमीटर. पण बासरी मोजलीत तर फुंकायच्या भोकापासून तळापर्यंत ६५ सेंटिमीटरच भरेल. उरलेले पाच कुठे गेले? लहर टोकाशी येऊन एकदम थांबत नाही, थोडी बाहेर डोकावते. तळाशी ती नळीच्या त्रिज्येच्या साधारण ०.६ पट बाहेर जाते. फुंकायच्या भोकापाशी ही 'अदृश्य लांबी' बरीच जास्त असते, कारण ते भोक नळीपेक्षा लहान आहे आणि त्याचा काही भाग तुमच्या ओठांनी झाकलेला आहे. ओठ थोडे जास्त झाकले की ही लांबी वाढते आणि स्वर उतरतो. बासरी आत-बाहेर फिरवून सूर हलवता येतो तो यामुळेच.

आता मिलिमीटरचा हिशोब. सेंट हे माप तुम्हाला माहीत असेल: पेटीच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये १०० सेंट. ७० सेंटिमीटरच्या हवेच्या खांबातून १ मिलिमीटर कमी केला तर स्वर सुमारे अडीच सेंट चढतो. गंधारासाठी हाच खांब ४२ सेंटिमीटर उरतो, त्यामुळे तिथे १ मिलिमीटरला चार सेंट. म्हणजे वरच्या भोकांपाशी तोच हात जास्त जड पडतो. तरबेज कानाला पाचेक सेंटचा फरक कळतो. एवढं डोक्यात ठेवून कानशीकडे बघा.

तरीही कानस अजून उचलू नका. त्याआधी थर्मामीटर बघा.

धाटावला डिसेंबरच्या पहाटे कुंडलिकेवरून गारवा येतो तेव्हा खोलीत १८ अंश धरा आणि उन्हाळ्यातल्या दुपारी ३३. ध्वनीचा वेग तापमानासोबत वाढतो, आणि त्यातून स्वर दर अंशाला सुमारे तीन सेंट चढतो. पंधरा अंशांचे झाले ४३-४४ सेंट, म्हणजे जवळजवळ अर्धी पट्टी! प्रत्यक्षात फरक यापेक्षा कमी पडतो, कारण फुंकता फुंकता आतली हवा श्वासाने तापते. श्वासातली वाफ स्वर किंचित चढवते, कार्बन डायॉक्साईड किंचित उतरवतो. पण पेटीचा सूर जवळजवळ जागचा हलत नाही. म्हणून थंडीत पेटीशी चोख जुळवलेली बासरी मे महिन्यात पेटीच्या पुढे पळते, यात ना बासरीचा दोष ना वाजवणाऱ्याचा.

याला आपल्याकडे नेहमीचं उत्तर असतं, 'बांबू फुगला'. कोकणातला पाऊस बघता ते पटण्यासारखंही वाटतं. बांबू दमट हवेत फुगतो हे खरंच आहे, पण तो फुगतो जाडीत आणि घेरात. लांबीत फारच थोडा, कारण त्याचे तंतू उभे असतात. आणि जरी लांबीत वाढला असता तरी स्वर उतरला असता, चढला नसता. तेव्हा ऋतूप्रमाणे सूर सरकतो त्याचं मुख्य कारण हवा आहे, बांबू नाही. (बांबू ओला असताना बासरी केली आणि तो नंतर वाळला, तर गोष्ट वेगळी. तिथे घेर आवळतो, भोकं बदामी होतात, चीरही जाते. वाळवण्यात घाई केलेल्या बासरीला नंतर काही इलाज नाही.)

धाटावातच एमआयडीसीत पाळ्या करणारे आणि सुट्टीच्या दिवशी बासऱ्या करणारे एक काका आहेत. मी पहिल्यांदा माझा मायक्रोफोन आणि लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे गेले आणि थेट मोजायला बसले. त्यांनी हात धरला. "अगं, ती फुंकून फुंकून गरम तरी झाली का? गार बासरी खोटं बोलते." त्यांचा नियम साधा आहे: दहा मिनिटं वाजवल्याशिवाय सुराबद्दल बोलायचं नाही, आणि शेवटचा हात द्यायचा तो संध्याकाळी, ना थंडी ना ऊन अशा वेळी. माझ्या हिशोबाने ते २७-२८ अंशाला सूर लावतात. इथल्या हवेला तेच योग्य आहे. चढलेला सूर ओठांनी दहा-वीस सेंट खाली ओढता येतो, उतरलेला तेवढा सहज वर ढकलता येत नाही. म्हणून भर उन्हात सूर लावून थंडीत रडण्यापेक्षा मधलं तापमान धरणं बरं.

आता निदान. बासरीतल्या चुका मला तीन जातींच्या दिसतात, आणि प्रत्येकीचं औषध वेगळं आहे. औषध चुकलं तर रोग वाढतो.

पहिली जात: एकच स्वर चुकीचा, आणि तो खालच्या व वरच्या दोन्ही सप्तकांत सारखाच चुकीचा. समजा गंधार दोन्हीकडे २० सेंट चढा. ही भोकाची चूक. भोक तोंडाच्या दिशेने सरकलं किंवा मोठं झालं की स्वर चढतो, तळाच्या दिशेने सरकलं किंवा लहान झालं की उतरतो. उतरलेला स्वर चढवायला भोकाची तोंडाकडची कड गोल कानशीने घासायची, म्हणजे भोक मोठंही होतं आणि वरही सरकतं. चढलेला उतरवायला त्याच कडेला भर घालायची. काका आधी मेण लावून बघतात. दोन दिवस वाजवून खात्री पटली की मेण खरवडून तेवढीच भर बांबूचा भुसा आणि फेविक्विकने करतात. मला ही सवय फार आवडते. आधी परत फिरता येईल असा उपाय, मग कायमचा. भोकं सुरात लावायची ती तळाकडून वर, कारण वरच्या स्वरावर त्याच्याखालच्या उघड्या भोकांचा थोडा परिणाम होतो. उलट्या क्रमाने लागलात तर केलेलं काम परत परत करावं लागेल.

सहा भोकं बंद केल्यावरचा मंद्र पंचम तेवढा वेगळा. त्याला भोक नाही, तळ आहे. उतरलेला असेल तर तळ कापायचा, अडीच सेंटला एक मिलिमीटर. पण हिशोबाच्या निम्मंच आधी कापा. चढलेला असेल तर तळाच्या तोंडाशी आतून मेणाचं किंवा दोऱ्याचं बारीक कडं बसवा. तोंड आवळलं की स्वर उतरतो.

दुसरी जात: खालचं सप्तक ठीक, वरचं सगळंच्या सगळं उतरलेलं किंवा चढलेलं. इथे भोकांना हात लावणं हा गुन्हा आहे. भोक दोन्ही सप्तकांना जवळपास सारखंच हलवतं, त्यामुळे वरचं सुधारायला गेलात की खालचं बिघडणार. बघायचं ते बूच. फुंकायच्या भोकाच्या पलीकडे, बंद टोकाला, बुचापर्यंत एक छोटी पोकळी उरते. साधारण नळीच्या व्यासाएवढी. ही पोकळी हवेच्या उशीसारखी वागते, आणि तिचा परिणाम वरच्या स्वरांवर जास्त होतो. बूच लांब गेलं की वरचं सप्तक खालच्याच्या मानाने उतरतं, जवळ आणलं की चढतं. एकेक मिलिमीटर सरकवून ऐका. काही बासऱ्यांत बुचाऐवजी बांबूची मूळ गाठच ठेवलेली असते, तिथे हा मार्ग बंद.

तिसरी जात सगळ्यात त्रासदायक, आणि आपल्या भागातल्या बांबूत सगळ्यात जास्त सापडणारी. इथे जरा रेंगाळू.

काकांकडे शेजारच्या वाडीतला एक शाळकरी मुलगा बासरी दाखवायला आला होता. भजनी मंडळात वाजवायचा. बासरी घरातल्याच कुणीतरी इथल्याच बांबूची केलेली. मंडळातल्या मोठ्यांचं म्हणणं, पोरगा सगळी बोटं दाबून वरचा पंचम लावतो तेव्हा बेसूर होतो, त्याला कानच नाही. पोराने मंडळात जाणं जवळजवळ सोडलं होतं. आम्ही ती बासरी मोजली. मंद्र पंचम बरोबर. तीच बोटं ठेवून जोरात फुंकल्यावरचा पंचम तब्बल ३५ सेंट उतरलेला. मजा म्हणजे सा आणि तार सा यांच्यातलं अंतर बरंच कमी चुकलेलं. बूच हलवलं तर पंचमाची जोडी थोडी सुधारायची आणि वरचे बाकीचे स्वर चढायचे. पोरगा तो पंचम वर ढकलायला जिवाच्या आकांताने फुंकत होता, कारण त्याला तो उतरलेला ऐकू येत होता! कान होताच. नसता तर तो शांतपणे वाजवत राहिला असता.

दोष नळीच्या आत होता. आपल्याकडचा माणगा किंवा कळक यांची पेरं आखूड. माणगा तर बुडाशी जवळजवळ भरीवच. पांढरी तीनसारखी लांब बासरी करायची तर दोन पेरं लागतात आणि मधली गाठ फोडावी लागते. तापवलेल्या सळईने पडदा फोडला जातो, पण कडेने एक उंचवटा उरतो. या बासरीत तो जवळपास बरोबर मध्यावर होता.

मध्यावर असण्याने काय होतं? लॉर्ड रॅलेच्या १८७७-७८ सालच्या 'थिअरी ऑफ साउंड' या ग्रंथात याची किल्ली सापडते. नळीत हवा सगळीकडे सारखी वागत नाही. काही ठिकाणी ती जोरात पुढे-मागे पळते, दाब फारसा बदलत नाही. काही ठिकाणी ती जागेवर उभी असते आणि दाबच कमी-जास्त होतो. नळी जिथे हवा पळते तिथे आवळली तर स्वर उतरतो. जिथे दाब बदलतो तिथे आवळली तर स्वर चढतो. मंद्र पंचमाच्या वेळी नळीच्या मध्यावर दाबाची जागा असते. त्याच बोटांवर वरचा पंचम काढला की लहर दोन भागांत मोडते आणि तीच मधली जागा पळणाऱ्या हवेची होते. म्हणजे मधला तो एकच उंचवटा खालच्या पंचमाला वर ढकलतो आणि वरच्याला खाली ओढतो. दोघांमधलं सप्तकाचं अंतर दोन्हीकडून आवळलं जातं. सा वाजवताना हवेचा खांब आखूड असतो, त्याचा मध्य वेगळ्या जागी येतो, म्हणून तिथे तोच उंचवटा वेगळा त्रास देतो. प्रत्येक स्वराची जोडी आपापल्या परीने विस्कटते. अशी चूक बाहेरून कानस चालवून कधीच निघत नाही.

काकांनी लांब काठीला पॉलिश पेपर गुंडाळला आणि आतून गाठ घासायला घेतली. दर पाच मिनिटांनी थांबून ऐकणं. तासाभराने ३५ सेंटचे दहावर आले. रॅलेच्या हिशोबाप्रमाणे मंद्र पंचम आता थोडा उतरायला हवा होता, आणि तो उतरलाच, सात-आठ सेंट. त्यासाठी तळातून तीन मिलिमीटर कापले. उरलेले दहा सेंट काकांनी मुद्दाम सोडले: गाठीपाशी भिंत पातळ झाली तर तिथेच चीर जाईल, आणि दहा सेंट ओठांनी भागतात. माझ्या संगणकातल्या मॉडेलला हा शहाणपणा नाही. ते सांगत होतं, अजून घासा.

मोठ्या बासऱ्यांना लांब पेराचा, पातळ भिंतीचा बांबू का शोधतात ते यावरून कळेल. आसामकडे असा बांबू होतो. उत्तर प्रदेशातलं पिलीभीत हे बासऱ्यांचं गाव तिकडून आलेल्या बांबूवरच चालतं. १९४०च्या सुमारास मुंबईत आलेल्या पन्नालाल घोषांनी ख्यालाच्या गंभीर गायकीसाठी बत्तीसेक इंच लांबीची बासरी रूढ केली, तेव्हा एका पेराची सरळ नळी मिळवणं हाच अर्धा प्रश्न असणार. त्यांच्याच परंपरेतले पुण्याचे केशव गिंडे यांनी 'केशव वेणू' करून बासरीचा पल्ला आणखी वाढवला. असे प्रयोग करणाऱ्याला नळीच्या आतलं अंग विसरून चालत नाही.

माझ्या संशोधनात मी काय करते, तर बासरीच्या एका टोकाशी लहान स्पीकर लावून सगळ्या कंप्रता एकामागून एक आत सोडते आणि नळी कुठे 'हो' म्हणते ते मायक्रोफोनने टिपते. त्यात फुंकणारा माणूस नसतो, म्हणून ओठांची सवय मोजमापात मिसळत नाही. मग संगणकावर नळीचे छोटे छोटे तुकडे मानून कुठे किती घासलं तर काय होईल त्याचा अंदाज काढते. बांबू कधीच खरा गोल नसतो आणि बुडापासून शेंड्याकडे निमुळता होत जातो, त्यामुळे हे तुकडे खूप पाडावे लागतात.

एक प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवलाय: सुरात म्हणजे कुणाच्या सुरात? तंबोऱ्यासमोरचा शुद्ध गंधार षड्जाच्या सव्वापट, म्हणजे ३८६ सेंटवर. पेटीचा गंधार ४०० वर. धैवतात १६ सेंटचा, निषादात १२ सेंटचा फरक. ट्यूनर अॅप पेटीची बाजू घेतं. हिरवा दिवा लागला तरी तंबोऱ्यासमोर गंधार चढा वाटतो तो याच १४ सेंटमुळे. हे भांडण आपल्याकडे जुनं आहे. सांगलीच्या कृ. ब. देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींवर पुस्तक लिहिलं आणि श्रुतींच्या पेटीसाठी खटपट केली. आकाशवाणीने तर १९४० पासून तीन दशकं पेटीला दारच बंद केलं होतं.

माझं मत असं: भजनात, पेटीसोबत वाजवणार असाल तर भोकं पेटीच्या सुरावर ठेवा आणि तंबोरा असेल तेव्हा गंधार-धैवत ओठांनी खाली घ्या. फक्त रागदारीच वाजवणार असाल तर तंबोऱ्यावर जुळवा, अॅप बंद करा आणि ठोके ऐका. तुमचा सा ३२८ आणि तंबोऱ्याचा ३३० असेल तर सेकंदाला दोन वेळा आवाज घुमल्यासारखा फुगतो-ओसरतो. ते घुमणं संथ होत थांबलं की सूर मिळाला. दोन हर्ट्झ म्हणजे इथे दहा सेंट, आणि ते कुठल्याही मोबाईलपेक्षा कानाला लवकर कळतात.

पावसाळ्यात बासरी पिशवीत कोंडून ठेवू नका, बुरशी धरते. वाजवून झाल्यावर आतून कोरडी पुसा, उभी टांगा, महिन्यातून एकदा आतून-बाहेरून तेलाचा हलका हात द्या. फुंकायच्या भोकाच्या कडेला मात्र तेल किंवा मेण साचू देऊ नका. तिथली धार बोथट झाली की अख्खी बासरी मंदावते, आणि लोक पुन्हा भोकं घासायला बसतात.